जुन्या विषुववृत्तीय माउंटचा विषुवांश अक्ष अडकतो : दोष क्लचमध्ये, दंडात की वर्म गिअरमध्ये?

मृगशीर्ष :

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी मी जर्मन पद्धतीचे एक वापरलेले विषुववृत्तीय माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरवणारा आधार, घेतले. ते मध्यम वजनाचे असून त्याच्या विषुवांश अक्षावर (दुर्बिणीला पूर्व-पश्चिम फिरवणाऱ्या) १४४ दात्यांचे पितळी वर्म व्हील, म्हणजे वर्म या आटे असलेल्या दांडीने फिरणारे चाक, आहे आणि त्याच अक्षाला ताऱ्यांच्या गतीने फिरवणारी मोटर जोडलेली आहे. आधीच्या मालकाने ते बरीच वर्षे खोक्यात ठेवून दिले होते, एवढेच मला ठाऊक आहे. बाहेरून त्याची स्थिती उत्तम आहे. रंग कुठे उडालेला नाही, ट्रायपॉडचे पाय घट्ट आहेत आणि क्रांती अक्ष (दुर्बिणीला उत्तर-दक्षिण फिरवणारा) तर बोटाच्या धक्क्यानेही फिरतो. अडचण फक्त विषुवांश अक्षाची आहे, आणि तिचे स्वरूप मला नीट उलगडत नसल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, क्लचचा (अक्ष आवळून धरणाऱ्या जोडणीचा) खटका पूर्ण सैल केला तरी अक्ष मोकळा होत नाही. दुर्बीण उतरवून, दांड्यावर एकच काउंटरवेट (दुर्बिणीचा तोल साधणारे वजन) ठेवून मी दांडा जमिनीला समांतर धरला आणि हात काढला. तो खाली यायला हवा होता, पण तसाच आडवा राहिला. हाताने फिरवताना घट्ट डांबरात काठी फिरवावी तसा जडपणा लागतो, मात्र तो सगळीकडे सारखा आहे. याचा एक परिणाम असा झाला की पहिले काही दिवस दुर्बीण कुठेही थांबते हे पाहून तोल अचूक साधला आहे अशीच माझी समजूत होती.

दुसरी गोष्ट निराळी आहे. क्लच आवळून वर्मचा नॉब हाताने फिरवला की बहुतेक भाग सुरळीत जातो, पण साधारण ५० अंशांच्या एका पट्ट्यात नॉब जड होऊ लागतो आणि पट्ट्याच्या मध्यावर तर दोन बोटांत धरून तो फिरवणे अशक्य होते. मोटर लावली असता त्या पट्ट्यात तिचा आवाज बदलतो, मग कटकट ऐकू येते, मोटरची पावले, म्हणजे तिच्या फिरण्याचे ठरावीक टप्पे, चुकतात आणि नेत्रिकेतला शनी सरकू लागतो. अर्ध्या अंशाच्या क्षेत्रात मध्यावर आणलेला ग्रह एका मिनिटात कडेला जातो, म्हणजे त्या वेळी अक्ष जवळजवळ थांबलेलाच असतो.

मी एक उपाय करून पाहिला, तोही सांगतो. गंजलेले नट सोडवण्यासाठी वापरतात तो तेलाचा फवारा मी अक्षाच्या फटीतून आत मारला. दोन दिवस अक्ष खरोखर हलका झाला, आणि तिसऱ्या दिवसापासून पूर्वीपेक्षाही जड झाला. त्यानंतर मी कशालाही हात लावलेला नाही. माउंट पूर्ण उघडून साफ करावे असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, पण अशी यंत्रे उघडण्याचा मला अनुभव नाही, आणि कशासाठी उघडतो आहोत हे कळल्याशिवाय उघडणे मला पटत नाही. न उघडता दोष कोठे आहे हे ओळखता येईल का?


अक्षदंड :

मृगशीर्ष, आपण क्लच सैल असतानाचा अनुभव आणि क्लच आवळलेला असतानाचा अनुभव वेगवेगळा नोंदवला आहे, त्यामुळे अर्धे काम झालेले आहे. माझा कयास असा आहे की आपल्या माउंटमध्ये दोन स्वतंत्र दोष आहेत आणि एकाने दुसऱ्याला झाकले आहे. ते वेगळे झाल्याखेरीज एकाही स्क्रूला हात लावू नये.

त्यासाठी आतली रचना डोळ्यांसमोर हवी. या घडणीच्या माउंटांत वर्म व्हील दंडाला (अक्षाच्या आतल्या शाफ्टला) कायमचे जोडलेले नसते. ते दंडावर सैल बसवलेले असते आणि क्लच आवळला की एक लहान पितळी गुटका त्याच्यावर दाबला जाऊन चाक व दंड एकजीव होतात. वर्म मात्र खालच्या स्थिर घरात (माउंटच्या कवचात) बसवलेला असतो. म्हणून क्लच सैल करून आपण हाताने अक्ष फिरवतो तेव्हा वर्मने धरून ठेवलेले चाक जागचे हलत नाही, आणि दंड त्या चाकाच्या आत व घराच्या बेअरिंगांत फिरतो. क्लच आवळून नॉब फिरवतो तेव्हा चाक आणि दंड दोन्ही मिळून घरात फिरतात. हा भेद ध्यानात आला की न उघडता बरेच काही कळते.

आता चाचणी. प्रथम दुर्बीण उतरवावी आणि नंतर काउंटरवेट काढावे. हा क्रम उलटा करू नये, कारण क्लच कधी सुटेल याचा अशा माउंटमध्ये भरवसा नसतो. फिरणाऱ्या भागावर आणि स्थिर घरावर कागदी चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून पेन्सिलीने समोरासमोर रेघ मारावी. क्लच आवळून नॉब फिरवत जावे आणि जडपणा सर्वांत जास्त जेथे लागतो तेथे दुसरी रेघ मारावी. मग क्लच सैल करून अक्ष हातानेच ६० अंश पुढे न्यावा, पुन्हा क्लच आवळावा आणि नॉबने तीच अवघड जागा नव्याने शोधावी. ती त्या दुसऱ्याच रेघेवर सापडली, तर दोष दंडात किंवा बेअरिंगमध्ये आहे, कारण दंड आणि घर यांचे नाते बदललेले नाही. ती रेघेपासून ६० अंश सरकलेली सापडली, तर दोष चाक आणि वर्म यांच्या जुळणीत आहे, कारण क्लच सैल असताना चाक जागीच राहिले होते आणि दंड तेवढा पुढे गेला होता. तिसरीही एक शक्यता असते : जडपणा दर अडीच अंशांनी, म्हणजे नॉबच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो. ३६० अंशांना १४४ ने भागले की अडीच येतात, म्हणून तसे घडत असेल तर वर्मच वाकडा आहे किंवा त्याची टोकाची बेअरिंगे बिघडली आहेत असे समजावे. मोटरवर हा दोष सुमारे दहा मिनिटांच्या आवर्तनाने दिसतो, कारण ८६,१६४ सेकंदांच्या नाक्षत्र दिवसात (ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीच्या एका फेऱ्यात) वर्मचे १४४ फेरे होतात आणि एका फेऱ्याला ५९८ सेकंद लागतात. आपला पट्टा ५० अंशांचा आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत वर्मवर माझा संशय नाही.

दुसरी चाचणी ताणकाट्याची. दांडा आडवा धरून, क्लच सैल ठेवून, अक्षापासून ३० सेंटिमीटरवर ताणकाट्याचा आकडा अडकवावा, दांड्याला काटकोनात ओढावे आणि अक्ष हलू लागतो त्या क्षणीचे वाचन लिहून ठेवावे. एकदा वरच्या दिशेने व एकदा खालच्या दिशेने ओढून सरासरी घेतली की दांड्याचे स्वतःचे वजन हिशेबातून निघून जाते. हाताच्या जाणिवेवर विसंबू नये. कालचा जडपणा आणि आजचा जडपणा यांची तुलना हात करू शकत नाही, आकडा करू शकतो. त्यातही नॉबवरून दंडाच्या जडपणाचा अंदाज मुळीच बांधू नये. मधे १४४ पट गती कमी करणारे गिअर असल्यामुळे दंड बराच जड झाला तरी नॉबला ते फारसे कळत नाही. नॉब एवढा अडतो आहे त्या अर्थी ते घर्षण दात्यांपाशीच असावे असे मला वाटते, पण चाचणी करून मगच पुढे जाऊ.

दोष जुळणीत निघाला तर आज रात्रीपुरता एक मार्ग आहे. क्लच सैल ठेवून नॉबने चाक त्या अवघड पट्ट्याच्या पलीकडे नेऊन ठेवावे, मग दुर्बीण हव्या त्या ग्रहाकडे वळवून क्लच आवळावा. आकाशाचा वेग तासाला १५ अंश आहे, त्यामुळे उरलेल्या ३१० अंशांत रात्रभराचे काम निघते. हा इलाज नव्हे, पण निरीक्षण बुडणार नाही.


मृगशीर्ष :

अक्षदंड, मनापासून आभार. दोन्ही चाचण्या मी तीन तीन वेळा केल्या.

अवघड जागा क्लच सैल करून ६० अंश सरकवल्यावर पट्टीवर ५९ ते ६१ अंशांच्या दरम्यान सरकलेली सापडली. पुन्हा ६० अंश सरकवली, ती पुन्हा सरकली. म्हणजे चाक आणि वर्म यांची जुळणी. त्यानंतर मी वर्मच्या घराकडे विजेरीने नीट पाहिले, तेव्हा तेथील दोन ग्रब स्क्रूंवर (डोके नसलेल्या स्क्रूंवर) लावलेला लाल रंगाचा ठिपका तडकलेला दिसला. खालच्या स्क्रूच्या षटकोनी खाचेच्या कडाही घासल्या आहेत. कोणीतरी वर्म चाकाकडे दाबून बसवला आहे, हे उघड आहे.

ताणकाट्याचे वाचन ३० सेंटिमीटरवर सगळीकडे ३८० ते ४०० ग्रॅमच्या दरम्यान आले. त्यात कोठेही उंचवटा नाही. मग क्लचचा खटका पूर्ण काढला, तरी वाचन तेवढेच राहिले. आतला गुटका बाहेर येत नव्हता. पितळ असल्यामुळे चुंबकाचाही उपयोग नव्हता. शेवटी छिद्रात रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवले, सकाळी छिद्र खाली येईल असा अक्ष फिरवला आणि लाकडी मुठीने बाजूला हलकेच टकटक केल्यावर तो बाहेर पडला. त्याचे आतले टोक वर्षानुवर्षांच्या दाबाने अळंबीच्या छत्रीसारखे पसरले होते, आणि ती पसरलेली कड छिद्रात रुतून बसली होती. खटका सैल केला तरी गुटका चाकाला सोडत नव्हता तो यामुळे. तो काढल्यावर वाचन २४० ग्रॅमवर आले. उरलेले २४० ग्रॅम ग्रीसचे असावेत असे मला वाटते. आता उघडण्याचे कारण मला पटले आहे. साफसफाई आणि ग्रीस यांविषयी मार्गदर्शन हवे आहे, विशेषतः मी मारलेल्या फवाऱ्याचे काय करायचे ते.


रात्रपाळी :

वर्म आणि चाक यांत उंचवटा आहे असे ठरले असेल, तर पॉलिश करण्याची बारीक पेस्ट दात्यांना लावून मोटरच्या जलद गतीवर अक्ष काही तास फिरवत ठेवावा, दाते आपोआप एकमेकांना बसतात, असे मी एका अनुभवी निरीक्षकाकडून ऐकले आहे. मी स्वतः केलेले नाही. मोटरविषयी मात्र स्वतःच्या अनुभवाने सांगतो की पावले चुकत असताना ती चालू ठेवू नये. मोटरला त्याने फारशी इजा होत नाही, पण मोटर आणि वर्म यांच्यामधल्या लहान गिअरांचे स्क्रू दंडावर घसरू लागतात, आणि मग अक्ष मोकळा झाल्यानंतरही ग्रह सरकतच राहतो व दोष कोठे आहे याचा नव्याने शोध सुरू होतो. माझे दोन आठवडे त्यात गेले. ते स्क्रू आताच तपासून घ्यावेत.


अक्षदंड :

पेस्टच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. चाक पितळेचे आणि वर्म पोलादाचा असतो. घासणारे कण मऊ धातूत, म्हणजे पितळेत रुतून बसतात, धुऊनही सगळे निघत नाहीत, आणि मग तेच पितळी दाते कानशीसारखे वर्मला कायम घासत राहतात. शिवाय जो दाब मुळात चुकीच्या जुळणीमुळे आहे तो दाते झिजवून कमी करणे म्हणजे दोष तसाच ठेवून चाक खराब करणे होय. मृगशीर्ष यांच्या चाकात थोडी विकेंद्रता, म्हणजे मध्य किंचित एका बाजूला असणे, असेलही. ती बहुतेक चाकांत असते. कारखान्यात तिचा विचार करूनच जुळणी केलेली असते, आणि ती जुळणी नंतर कोणीतरी मोडलेली आहे. मोटरच्या लहान गिअरांविषयीची सूचना मात्र अगदी योग्य आहे.

जुळणी कशी करावी ते येथील सदस्य कृत्तिका यांच्या ग्रीसविषयीच्या उत्तरानंतर लिहितो, कारण वाळलेल्या ग्रीसवर केलेली जुळणी खोटी ठरते.


कृत्तिका :

मृगशीर्ष, ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल असते. वजनाने पाहिले तर त्यात ७० ते ९५ टक्के तेलच असते आणि वंगणाचे काम ते तेल करते; साबण केवळ त्याला जागेवर धरतो. माउंट वर्षानुवर्षे न फिरता पडून राहिले की तेल हळूहळू झिरपून निघून जाते आणि मागे साबणाचा मेणासारखा थर उरतो. आपण मारलेल्या फवाऱ्यात उडून जाणारा द्रावक होता. त्याने तो थर दोन दिवस मऊ केला, उरलेसुरले चांगले तेलही आपल्याबरोबर वाहून नेले, आणि द्रावक उडाल्यावर चिकट गाळ मागे ठेवला. त्यावर आता नवे ग्रीस भरण्यात काही अर्थ नाही. जुने सगळे निघायला हवे.

उघडताना प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र काढावे आणि काढलेले भाग एका पांढऱ्या कापडावर निघाले त्याच क्रमाने, त्याच बाजूने मांडावेत. दंडावर पांढऱ्या प्लास्टिकचे पातळ वॉशर असतात, आणि ते जाडीने वेगवेगळे असू शकतात. त्यांपैकी एक जरी उलटसुलट जागी गेला, तर नंतर अक्ष पुन्हा जड होतो आणि कारण सापडत नाही. मी स्वतः एकदा दोन वॉशरांची अदलाबदल केली होती आणि पूर्ण माउंट तीनदा उघडले होते, म्हणून हे आवर्जून सांगते.

धातूचे भाग रॉकेलमध्ये भिजवून जुन्या दातब्रशने घासावेत, सुती कापडाने पुसावेत आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने रॉकेलचा तेलकट पापुद्रा काढून टाकावा. प्लास्टिकचे वॉशर रॉकेलमध्ये टाकू नयेत, ते केवळ कोरड्या कापडाने आणि साबणाच्या पाण्याने स्वच्छ करावेत. अंश कोरलेल्या चकतीलाही द्रावक लागू देऊ नये, कारण त्यावरचे आकडे पुसले जातात. चाकाचा एकेक दाता दात कोरण्याच्या लाकडी काडीने साफ करावा. १४४ दाते आहेत, अर्धा-पाऊण तास लागेल, पण घाई करू नये. पोलादी सुई वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. पितळेवर ओरखडा पडतो.

नव्या ग्रीससाठी लिथियम साबणाचे, टेफ्लॉनचे कण असलेले, घट्टपणाच्या एनएलजीआय श्रेणीत २ क्रमांकाचे ग्रीस पुरेसे आहे. निरीक्षण कडाक्याच्या थंडीत होणार असेल तर १ क्रमांकाचे, म्हणजे थोडे मऊ ग्रीस घ्यावे. वेगवेगळ्या जातींची ग्रीसे एकत्र करू नयेत. लिथियम साबणाच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचे ग्रीस मिसळले तर दोन्हींची जाळी मोडून मिश्रण पातळ होऊन वाहू लागते किंवा गोळा होते. जुने सगळे काढा असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे, कारण आत आधी कोणते होते हे आपल्याला कळत नाही.

प्रमाण मात्र फार थोडे हवे. दंडावर लावून बोट फिरवल्यावर बोटाची रेघ उमटावी पण खाली धातू दिसावा, एवढाच थर असावा. बेअरिंगच्या फटी भरून टाकल्या की ग्रीसच अक्षाला अडवते. दात्यांना ब्रशने पातळ थर द्यावा. क्लचच्या गुटक्याचे टोक कोरडे ठेवावे, आणि त्याची पसरलेली कड बारीक पॉलिश पेपरवर गोल फिरवत घासून छिद्रातून तो स्वतःच्या वजनाने खाली येईल इतकी कमी करावी.


अक्षदंड :

आता जुळणी. प्रथम वर्म चाकापासून पूर्ण दूर घ्यावा आणि तो एकटा बोटांनी फिरवून पाहावा. तो निर्वेध फिरला पाहिजे आणि लांबीच्या दिशेने पुढेमागे मुळीच हलता कामा नये. तसे हलत असेल तर टोकाच्या आट्याच्या टोपणाने ते काढावे. टोपण फार आवळले तर वर्म तेथेच जड होतो. येथे चूक राहिली तर पुढची सगळी जुळणी व्यर्थ जाते.

त्यानंतर दंड बसवताना टोकाची खाचांची रिंग अशी आवळावी की अक्ष लांबीच्या दिशेने हलणार नाही, आणि मग ताणकाट्याचे वाचन पाहत ती किंचित मागे घ्यावी.

मग वर्म चाकाला हलकेच लावून, नॉबचे १४४ फेरे, म्हणजे चाकाचा एक फेरा, पूर्ण करावेत आणि जेथे तो सर्वांत घट्ट लागतो त्या दात्यापाशी खूण करावी. जुळणी त्या घट्ट जागीच करायची असते, कारण चाक विकेंद्री असल्यामुळे इतर सर्व जागी वर्म थोडा सैलच राहणार असतो. आधीच्या मालकाने बहुधा नेमके उलटे केले असावे : सैल जागी प्ले (दात्यांमधला मोकळा वाव) जाणवला म्हणून तेथे स्क्रू आवळून तो नाहीसा केला, आणि समोरच्या बाजूला चाक वर्मवर रुतले.

हे समायोजन किती नाजूक आहे याची कल्पना यावी म्हणून आकडे देतो. ७२ मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या परिघावर एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे १० मायक्रॉन. एम-४ मापाच्या ग्रब स्क्रूचे आटे ०.७ मिलिमीटर अंतराने असतात, म्हणजे तो एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतका फिरवला तरी वर्म ८७ मायक्रॉन सरकतो आणि प्ले पाच-सहा कलांनी बदलतो. म्हणून अ‍ॅलन की फिरवली असे वाटण्याइतकीही फिरवायची नसते. नुसता हाताचा ताण बदलल्याइतपत हालचाल पुरते. प्रत्येक बदलानंतर अटकाव करणारा स्क्रू आवळून मगच नॉब फिरवून पाहावा, कारण तो आवळतानाही वर्म थोडा सरकतो.


मृगशीर्ष :

काम पूर्ण झाले, त्याचा वृत्तांत देतो. एकूण दोन सुट्ट्यांचे दिवस लागले.

दंड बाहेर काढला तेव्हा त्याच्यावरचा थर जुन्या मेणबत्तीच्या मेणासारखा तपकिरी आणि कडक झालेला होता. नखाने खरवडला तर त्याचे पापुद्रे निघत होते. फवाऱ्याने भिजलेल्या भागावर मात्र गोंदासारखा ओला गाळ होता, आणि चाकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे क्लचचा गुटका जेथे टेकतो तेथे, पितळेच्या सोनेरी चुऱ्याची बारीक रेघ होती. गुटका अडकलेला असताना मी जितक्या वेळा अक्ष हाताने ढकलला तितक्या वेळा तो चाक घासत होता, हे पाहून वाईट वाटले. चाकावर खोल ओरखडा नाही, एवढे समाधान आहे.

रॉकेल, अल्कोहोल आणि लाकडी काड्या यांनी सगळे साफ केले. दात्यांना पाऊण नव्हे, चांगला दीड तास लागला. वॉशर चार निघाले आणि त्यांपैकी दोन खरोखरच जाडीने वेगळे होते. कृत्तिका यांनी सांगितले नसते तर ते माझ्या ध्यानात आले नसते. नवे ग्रीस लावून, गुटका घासून, वर्म दूर ठेवून अक्ष जोडला तेव्हा ३० सेंटिमीटरवरचे वाचन ६० ग्रॅम आले. एका काउंटरवेटसह दांडा आडवा धरून सोडला, तो लगेच खाली आला आणि तळाशी दोन-तीन झोके घेऊन थांबला. तोल म्हणजे काय हे मला या माउंटवर प्रथमच कळले. पूर्वी तोल साधलेला समजून मी जे काउंटरवेट ठेवत होतो ते प्रत्यक्षात चार बोटे खाली सरकवावे लागले.

जुळणीला मात्र पूर्ण दुपार गेली. घट्ट जागेवर पेन्सिलीची खूण करून तेथे वर्म किंचित सैल केला, पुन्हा १४४ फेरे फिरवले, पुन्हा सैल केला, असे सहा वेळा करावे लागले. अटकावाचा स्क्रू आवळताना वर्म सरकतो ही सूचना तंतोतंत खरी निघाली. मी शेवटी आवश्यकतेपेक्षा थोडा जास्त सैल करून मग तो स्क्रू आवळू लागलो, तेव्हा जमले. मोटरकडचा एक लहान गिअर दंडावर सैल झालेला होताच, तोही रात्रपाळी यांच्या सांगण्यावरून पाहिला म्हणून सापडला.

काल रात्री शनी मध्यावर आणून ४० मिनिटे हात न लावता पाहिला. ध्रुव जुळवणी (अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणे) फार काटेकोर नसल्यामुळे तो थोडा उत्तरेकडे सरकला, पण पूर्व-पश्चिम दिशेने क्षेत्राच्या मध्याजवळच राहिला. मोटरचा आवाज एकसारखा होता. त्यानंतर मुद्दाम तो जुना अवघड पट्टा वर्मखाली येईल असे चाक ठेवून आणखी एक तास चालवले, तेव्हाही कटकट आली नाही.

एकच प्रश्न उरला आहे. घट्ट जागेच्या समोरच्या बाजूला दिशा उलटवताना नॉबच्या फेऱ्याचा सुमारे तिसावा भाग रिकामा जातो. नॉबचा एक फेरा १५० कलांचा, म्हणजे तेथे पाचेक कलांचा प्ले आहे. तो आणखी कमी करण्याचा प्रयत्न करावा का?


रात्रपाळी :

तो प्ले निरीक्षणात अडथळा आणणार नाही. विषुवांश अक्ष पाठलाग करताना एकाच दिशेने फिरत असतो. दुर्बिणीचा तोल पूर्ण न साधता पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवली की दाते सतत एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि प्ले जाणवतच नाही. अक्ष ४०० ग्रॅमइतका जड असताना ही युक्ती चालली नसती; आता चालेल. दुर्बीण मध्यमंडल (उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून दुसऱ्या बाजूला गेली की पूर्वेकडची बाजूच जड राहावी म्हणून काउंटरवेट पुन्हा सरकवावे लागते, हे विसरू नये. पेस्टविषयीची माझी सूचना मी मागे घेतो. अक्षदंड यांनी दिलेले कारण मला पटले.


अक्षदंड :

प्ले तसाच राहू द्यावा. माउंटचे घर अ‍ॅल्युमिनियमचे, चाक पितळेचे आणि वर्म पोलादाचा आहे, आणि थंडीत अ‍ॅल्युमिनियम या दोघांपेक्षा जास्त आकुंचन पावते. तापमान २० अंश सेल्सिअसने उतरले तर एवढ्या आकाराच्या घरात वर्म आणि चाक एकमेकांकडे चारएक मायक्रॉन जवळ येतात. आकडा लहान आहे, पण खोलीत बसून प्ले शून्यावर आणलेल्या जुळणीला रुतायला तेवढा पुरतो, आणि त्याच वेळी ग्रीसही घट्ट होत असते. तुमच्या घट्ट जागी सध्या किती प्ले आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. तो अर्ध्या कलेपेक्षा कमी असेल तर थंडीचे दिवस सुरू झाल्यावर एकदा माउंट तासभर बाहेर ठेवून, मोटर न लावता, नॉब त्या पेन्सिलीच्या खुणेवरून हाताने फिरवून पाहावा. जड लागला तर ग्रब स्क्रू फेऱ्याच्या तिसाव्या भागाइतका, त्याहून जास्त नाही, सैल करावा आणि पुन्हा १४४ फेरे घ्यावेत. ती खूण मात्र पुसू नये.